लाडवाचा गुन्हा किती?

"गोड खाऊ नकोस, दात किडतील." हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. पण त्याच घरात एखादे आजोबा असतात. रोज जेवण झालं की गुळाचा खडा तोंडात टाकतात आणि सत्तरीतही फुटाणे कडाकडा फोडून खातात. नातवाच्या मात्र दहाव्या वर्षीच दोन दाढांत सिमेंट भरून झालेलं असतं. घरचे म्हणतात, "आजोबांची हाडंच जुनी." डॉक्टर म्हणतात, "खाण्याच्या सवयी." आणि वाचक विचारतो, गोडाने दात किडतात की नाही, ते एकदा सरळ सांगा ना!

सरळ सांगायचं तर किडतात. पण किती गोड खाल्लं यापेक्षा ते किती वेळा खाल्लं आणि तोंडात किती वेळ राहिलं, याला जास्त महत्त्व आहे. हा हिशेब मांडला की संशयितांची यादी बरीच बदलते. काही बदनाम पदार्थ सुटतात आणि ज्यांच्यावर कुणाचा संशय नव्हता असे काही आत येतात.

१. दातांवर कोण राहतं?

किडलेल्या दातात अळी नसते. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण अळीची समजूत फार जुनी आहे. प्राचीन बॅबिलोनमध्ये ती होती, युरोपात होती आणि आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड "पाडणारे" लोकही होते. १७२८ साली पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात ही समजूत खोडून काढली. सूक्ष्मदर्शकातून शोधूनही त्याला अळी दिसली नव्हती. दात खराब होण्यामागे साखरेचा हात आहे, हेही त्याने तेव्हाच नोंदवून ठेवलं.

दातांवर जिवंत असं काही असतं हे मात्र खरं. डेल्फ्ट गावच्या अंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापडव्यापाऱ्याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून घरी घडवलेल्या भिंगाखाली ठेवला. त्याला त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तोच हा थर. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात.

त्यानंतर दोनशे वर्षांनी बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने पुढचा धागा जोडला. उपटलेले दात त्याने लाळेत ठेवले, लाळेत कधी पाव मिसळला, कधी मांस. पाव मिसळलेल्या लाळेत आम्ल तयार होऊन दात मऊ पडले, मांसाबरोबर तसं झालं नाही. १८९० मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाचं सार असं, की तोंडातले जिवाणू पिष्टमय आणि गोड पदार्थांपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. या प्रयोगात त्याने वापरलेला पदार्थ पेढा नव्हता, साधा पाव होता, हे ध्यानात असू द्या. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

या जिवाणूंमधलं ठळक नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. १९२४ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. त्याचं एक खास कसब आहे. आपली नेहमीची साखर मिळाली की तो तिच्यापासून आम्ल तर बनवतोच, शिवाय एक चिकट पदार्थही बनवतो. त्यामुळे थर दातांना घट्ट धरून बसतो आणि जाड होत जातो. जाड थराच्या तळाशी लाळ नीट पोचत नाही आणि तिथलं आम्ल तिथेच साठून राहतं.

२. साडेपाचाची रेघ

आम्ल किती तीव्र आहे ते सामू या मापाने मोजतात. बोलताना बरेच जण पीएच म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा जितका खाली, आम्ल तितकं तीव्र आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. निरोगी तोंडातली लाळ ७ च्या आसपास असते.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरात याहून कठीण काही नाही. वजनाच्या हिशेबात ते सुमारे ९६ टक्के खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर सांधतं, इनॅमलचा तुकडा उडाला तर तो उगवत नाही. दातांवरच्या थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की या कवचातली खनिजं विरघळून बाहेर पडायला लागतात.

गोड खाल्ल्यावर हे किती वेळात घडतं, ते १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने मोजलं. लोकांना साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावून त्याने दातांवरच्या थराचा सामू पाहिला. काही मिनिटांतच तो धाडकन खाली आला. वर चढायला मात्र अर्धा तास ते तासभर लागला. उतरणं झटपट, चढणं सावकाश असा तो आलेख आजही दंतवैद्यकाच्या पहिल्या धड्यांत असतो.

सामू वर आणायचं काम लाळेचं. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्याला सुटते. ती अन्न धुऊन नेते, तिच्यातला बायकार्बोनेट आम्ल मारतो आणि तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात जाऊन बसतं. म्हणजे दाताचं विरघळणं आणि भरून येणं दिवसभर आळीपाळीने चालू असतं. विरघळणं महिनोन्महिने वरचढ राहिलं की आधी दातावर खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर दात अजून सावरू शकतो. तिकडे लक्ष दिलं नाही की पुढे खड्डा पडतो. खड्ड्यावर लाळेचा उपाय चालत नाही, तिथे सिमेंटच भरावं लागतं.

३. मावशीचे लाडू, काकांचा चहा

आता एक हिशेब करू. आकडे सोपे धरले आहेत.

मावशी दुपारच्या जेवणात बेसनाचे दोन लाडू खातात. दोन्हींत मिळून ३० ग्रॅम साखर आहे असं धरू. काका दुकानात बसतात आणि दिवसातून सहा वेळा कटिंग घेतात. प्रत्येक कटिंगमध्ये चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखर. सहा पंचे तीस. साखर दोघांच्या पोटात सारखीच गेली.

एकदा काही खाल्लं की दात ४० मिनिटं आम्लात राहतो असं धरा. न्याहारी, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण दोघांचीही आहेत. तीन वेळा ४० म्हणजे दोन तास. मावशींचे लाडू जेवणातच गेले, त्यामुळे त्यांचा वेगळा वेळ धरायचा नाही. त्यांची बेरीज दोन तासांवर थांबते. काकांचे सहा चहा मात्र मधल्या वेळी आहेत. सहा गुणिले ४०, म्हणजे आणखी चार तास. एकूण सहा. साखर तितकीच, आम्लाचा वेळ तिप्पट.

पावसाळ्यात दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. सकाळी एक दणदणीत सर येऊन गेली आणि मग दिवसभर ऊन पडलं, तर कपडे संध्याकाळी खडखडीत वाळलेले मिळतात. पण दर तासाला नुसता शिडकावा होत राहिला, तर एकूण पाणी कमी पडूनही कपडे ओलसरच राहतात, कुबट वास येतो आणि चार दिवसांत त्यांवर काळे ठिपके दिसतात.

म्हणून आजोबांचा गुळाचा खडा जेवणाला लागून गेला की त्याचा त्रास कमी. तोच खडा दर तासाला चघळला असता तर आजोबांनाही दवाखान्याची पायरी चढावी लागली असती. अर्थात आजोबांच्या लहानपणी घरात बिस्किटाचा पुडा सतत उघडा नव्हता, हाही मोठा फरक आहे.

४. व्हिपेहोल्मची टॉफी

"किती वेळा" हाच प्रश्न कळीचा आहे, हे माणसांवर प्रयोग करून दाखवलं गेलं. तो प्रयोग आज वाचतानाही अस्वस्थ व्हायला होतं.

दक्षिण स्वीडनमधल्या लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची संस्था होती. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं तिथे कायमची ठेवलेली असत. त्या काळी स्वीडनमध्ये दातांची कीड घरोघरी होती आणि सरकारला तिचं मूळ शोधायचं होतं. १९४५ पासून या संस्थेत अभ्यास सुरू झाला आणि लवकरच साखरेचा मुख्य प्रयोग हाती घेतला गेला. खर्चाचा काही भाग साखर आणि मिठाई उद्योगाने उचलला.

तिथल्या रहिवाशांचे गट पाडले. एका गटाला जेवणाबरोबर भरपूर साखर पाण्यात विरघळवून दिली. दुसऱ्याला जेवणाबरोबर गोड पाव दिला. काहींना चॉकलेट, काहींना कॅरमेल दिलं. आणि काहींना दिली खास बनवून घेतलेली मोठी टॉफी, दाढांना चिकटून राहावी अशीच. काहींना दिवसाला ८, काहींना २४, जेवणांच्या मधल्या वेळेत.

जेवणाबरोबर साखरेचं पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर फारसा परिणाम झाला नाही. मधल्या वेळी टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र भराभर किडले. टॉफी बंद केल्यावर नवी कीड पडणंही कमी झालं. निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या दंतवैद्यकाने ते स्वीकारले. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची अशी शिफारस झाली. शनिवारच्या खाऊचा तो रिवाज तिथे अजून टिकून आहे.

ज्यांचे दात त्यात गेले त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांना नाही म्हणता येण्याची सोयही नव्हती. असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, करूही नये. ज्ञान खरं आहे आणि ते मिळवण्याची रीत अन्यायाची होती. या दोन्ही गोष्टी मुलांना एकत्रच सांगाव्यात असं मला वाटतं.

५. चिकट कोण?

व्हिपेहोल्मनंतर सगळ्यांच्या मनात एक समीकरण बसलं. चिकट म्हणजे वाईट. पण चिकट कशाला म्हणायचं? तोंडात टाकल्यावर दातांना धरतं ते, की अर्ध्या तासानंतरही दाढेत सापडतं ते?

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या दंतसंशोधकांनी लोकांना वेगवेगळे पदार्थ खायला देऊन दातांवर खरोखर किती उरतं ते मोजलं आणि लोकांना काय चिकट वाटतं तेही विचारलं. दोन्ही याद्या जुळल्या नाहीत. कॅरमेलसारखे पदार्थ चिकट वाटतात, पण लाळेत विरघळून तुलनेने लवकर निघून जातात. बिस्किटं, क्रॅकर आणि बटाट्याचे वेफर्स कुरकुरीत वाटतात, पण त्यांचा लगदा दाढांच्या खाचांत आणि दोन दातांच्या फटीत बराच वेळ बसून राहतो. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचकद्रव्य त्या लगद्यातल्या पिठाची तिथेच साखर करतं. मिलरचा पाव तो हाच.

आता स्वयंपाकघरातले डबे उघडा. ग्लुकोजचं बिस्कीट चहात बुडवून खाल्लं की दाढेवर जो गोळा बसतो, तो बोटाने काढावा लागतो. टोस्ट-खारीचंही तेच. आणि दिवाळीच्या फराळातला खरा आरोपी लाडू नव्हे, शंकरपाळे! मैदा, साखर, वर तुपातला कुरकुरीतपणा, आणि मुख्य म्हणजे खाण्याची पद्धत. लाडू माणूस ताटलीत घेऊन, बसून खातो. शंकरपाळ्यांच्या डब्यात जाता-येता हात जातो, सकाळपासून रात्रीपर्यंत, डबा संपेपर्यंत. लाडवाच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही.

चोखायच्या गोळ्यांचा प्रकार वेगळा. लिमलेटची गोळी, पेपरमिंट, खोकल्याची गोड गोळी हे पदार्थ चिकटत नाहीत. पण दहा-पंधरा मिनिटं गालात बसून साखर सोडत राहतात. घसा बसलेले शिक्षक आणि गायक दिवसभर अशी गोळी तोंडात ठेवतात. त्यांनी बिनसाखरेची निवडावी. वर्षातून एकदाच्या संक्रांतीला चार दाणे काटेरी हलवा किंवा बोरन्हाणात वेचलेल्या गोळ्या, यांची चिंता करू नका.

चिक्कीबद्दल दोन शब्द. गुळाच्या पाकामुळे ती चिकटते हे खरं, पण तिच्यातले शेंगदाणे चावताना लाळ भरपूर सुटते आणि शेंगदाण्यांपासून आम्लही फार बनत नाही. तिचा खरा धोका कीड हा नाहीच. सिमेंट भरलेल्या, रूट कॅनाल केलेल्या किंवा आधीच बारीक चीर गेलेल्या दाढेखाली कडक चिक्की आली की दाढ उभी चिरू शकते. सरबतातला बर्फ फोडून खाण्याची सवयही अशीच. कॅप बसवलेल्या दाढेने तरी हे उद्योग करू नयेत.

६. गूळ चालेल का?

व्याख्यानांनंतर हा प्रश्न हमखास येतो. पोटाच्या आणि रक्ताच्या दृष्टीने गुळाचे गुण काय असतील ते असोत, दातावरच्या जिवाणूला मात्र गूळ म्हणजे साखरच. मधही तसाच, आणि खजुराचा गर दाढेत अडकतो ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सल्ला दिला, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. वरचे काका एवढ्या बाबतीत चहातच हद्द ओलांडून बसले आहेत.

"शुगर फ्री"वर डोळे मिटून विश्वास नको. बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतोच. झायलिटॉल या गोड पदार्थाची गोष्ट मात्र खरी आहे. म्युटन्सला त्यापासून आम्ल बनवता येत नाही. १९७२ पासून फिनलंडमधल्या तुर्कू शहरात दोन वर्षं काही लोकांच्या आहारात साखरेऐवजी झायलिटॉल वापरून पाहिलं, तेव्हा त्यांच्या दातांची कीड खूपच कमी झाली. जेवणानंतर झायलिटॉलचा चुइंगम चघळला तर लाळही सुटते. घरात कुत्रा असेल तर मात्र तो डबा वरच्या फळीवर ठेवा. कुत्र्यांना झायलिटॉल विषारी आहे.

७. चिंच, कोकम, कोला

आतापर्यंतचं आम्ल जिवाणूंनी बनवलेलं होतं. आंबट पदार्थ आपलं आम्ल सोबतच घेऊन येतात. त्यांना जिवाणूंची गरज नाही, साखरेचीही नाही. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो, कोलाचा २.५ च्या आसपास. ५.५ ची रेघ आठवा. यामुळे खड्डा पडत नाही, सगळं कवच हळूहळू झिजतं. दात पिवळसर दिसायला लागतात, कारण कवचाखालचा डेंटिन नावाचा थर डोकावतो. थंड पाणी लागलं की कळ येते.

शाळेबाहेरच्या चिंचा-आवळ्यांनी दात आंबतात ते तात्पुरतं. पोळीबरोबर लोणच्याची फोड किंवा जेवणानंतर वाटीभर सोलकढी घेणाऱ्यानेही घाबरू नये. त्रास होतो तो घोट घोट पिण्याने. वजन कमी करायला सकाळभर बाटलीतून लिंबूपाणी पिणारे आणि अभ्यासाच्या टेबलावर कोल्ड्रिंक ठेवून दोन तास चुळका चुळका पिणारी मुलं यांचे दात झिजतात. साखर नसलेलं कोल्ड्रिंकही या बाबतीत निर्दोष नाही. आणि वर साखर घोळवलेली आंबट गोळी दोन्हीकडून मारते.

इथे एक चूक जागरूक माणसांकडूनच होते. आंबट खाल्लं की ते लगेच ब्रश करतात. आम्लाने कवचाचा वरचा भाग त्या वेळी नरम पडलेला असतो आणि ब्रशने तो खरवडून निघतो. साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश निदान अर्ध्या तासाने करा.

८. सहाव्या वर्षीची दाढ

"दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत." या वाक्याने मुलांच्या दातांचं जितकं नुकसान केलं आहे तितकं कुठल्या चॉकलेटने केलं नसेल. दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ असतं, त्यामुळे कीड लवकर आत पोचते. शिवाय दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तोवर त्यांनी चावायचं असतं आणि मागून येणाऱ्या दाताची जागा राखायची असते. दाढ अवेळी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो.

त्याहून मोठा घोटाळा सहाव्या वर्षी होतो. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. त्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे आईवडिलांना तिचा पत्ताच लागत नाही. लागला तर तीही दुधाचीच वाटते. प्रत्यक्षात ती कायमची असते, आयुष्यभर वापरायची. तिच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. ब्रशचे केस तिथे तळापर्यंत पोचत नाहीत, बिस्किटाचा लगदा मात्र पोचतो. दाढ पूर्ण वर आली की दंतवैद्य या खाचा सीलंट नावाच्या लेपाने बुजवू शकतात. त्यात दुखत नाही, सुई लागत नाही. मुलगा पहिलीत गेला की एकदा तोंड उघडून मागची दाढ पाहा.

टूथपेस्ट फ्लोराइडची असावी. फ्लोराइडमुळे खनिजं दातात परत बसायला मदत होते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात. तिथे पेस्ट निवडण्याआधी दंतवैद्याला विचारलेलं बरं.

राहिली रात्र. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून दिवसा लाळ ज्या साखरेला तासाभरात आवरते ती रात्री दातांवर तशीच पडून राहते. बाळाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवलं की वरचे पुढचे दात ओळीने काळे पडतात. खालचे वाचतात, कारण दूध पिताना त्यांवर जीभ असते. बाटली झोपेआधी संपवा, मग ओल्या स्वच्छ फडक्याने दात पुसून घ्या. मोठ्या मुलाला हळदीचं किंवा चॉकलेटचं गोड दूध द्यायचं असेल तर आधी दूध, मग ब्रश.

आणि खोकल्या-तापाची औषधं. लहान मुलांची बरीच सिरपं साखरेच्या पाकात केलेली असतात आणि त्यांचा शेवटचा चमचा हटकून रात्री, मूल पेंगुळलेलं असताना दिला जातो. दमा किंवा आकडीचा त्रास असलेल्या मुलांना गोड औषध महिनोन्महिने चालू राहिलं तर हा रोजचाच प्रकार होतो. औषध अर्थातच थांबवायचं नाही. डॉक्टरांना विचारावं, हेच औषध साखरेशिवाय मिळतं का. मिळत नसेल तर चमच्यानंतर दोन घोट पाणी द्यावं आणि मगच दिवा मालवावा.